पायातला खड्डा, लघवीतला फेस

तब्येत बनली

माझी तब्येत आयुष्यात सर्वांत वाईट होती, त्याच महिन्यात गावाने तिचं सर्वांत जास्त कौतुक केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी चिडचिड करणार आहे ती कुठून आली हे कळेल.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, निदान आमच्या गावात तरी, तब्येत म्हणजे प्रकृती नव्हे. तब्येत म्हणजे अंग. अंग भरलं की तब्येत बनली, अंग उतरलं की तब्येत खराब झाली. माझा चेहरा त्या भादव्यात फुगायला लागला. सकाळी पापण्या इतक्या जड व्हायच्या की डोळे अर्धेच उघडत. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, चपलेचा पट्टा पायावर वळ ठेवायला लागला. आणि दळणाला निघाले, दुकानात निघाले की कुणी ना कुणी थांबवून म्हणायचंच, "ताई, तब्येत मस्त बनून राहिली तुमची." मी हसून घ्यायची. माझ्या नवऱ्याला, मुरलीधरला, जरा अभिमानच वाटत होता. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, तिथे येणारे लोकही त्याला हेच सांगत.

मी वनिता. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्या एका गावात सतरा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं घेणं, उंची मोजणं, आयांना जेवणाबद्दल चार गोष्टी सांगणं हे माझं काम. भिंतीवरचं पोस्टर मला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता येईल. भात-पोळी ताकद देते, तेल-तूप ऊब देतं, भाजी-फळं रोगापासून राखतात आणि डाळ, अंडी, चणे यांतली प्रथिनं शरीर बांधतात. या शेवटच्या वाक्यावर माझा फार जीव. किती आयांना मी ते सुनावलं असेल त्याची गणती नाही.

खड्डा

वजनाच्या दिवशी आम्ही पोरांचे पाय दाबून बघतो. पावलावर अंगठा दाबायचा, "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असं मोजायचं, म्हणजे बरोबर तीन सेकंद होतात, आणि अंगठा उचलायचा. खड्डा तसाच राहिला तर सूज आहे. एका पायावर भागत नाही, दोन्ही पाहायचे, हे प्रशिक्षणात डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. इतकी वर्षं ऐकून गावातल्या आयांनाही ही मोजणी पाठ झाली आहे.

त्या महिन्याचं वजन आटोपलं, मदतनीस बाई खिचडी वाढायला गेली. मी भिंतीला टेकून पाय पसरले आणि सहज, गंमत म्हणून, स्वतःच्या पावलावर अंगठा दाबला. उचलला तर खड्डा. बोटाचं पेर बसेल एवढा. बघत राहिले, तो भरेचना. दुसऱ्या पायावरही तसाच पडला.

शहाण्या बाईने दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता. मी नाही गाठला, कारण मला वाटलं की उत्तर मला माहीतच आहे. माझ्या तक्त्यात पायाला खड्डा याचा अर्थ एकच, पोटात पुरेसं जात नाही, प्रथिनं कमी पडली. म्हणजे अंगणवाडीवाली बाईच कुपोषित. मला इतकी लाज वाटली की मी घरातसुद्धा तोंड उघडलं नाही.

त्या लाजेला एक नाव होतं, शीला. शीला आमच्याच गावातली, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी तिच्या आरोहीच्या पायाला असाच खड्डा पडला होता. शीला सांगत होती की ताई, मी खाऊ घालते, तिच्या अंगी लागत नाही. मी दहा-बारा आयांसमोर तिला विचारलं होतं, "घरी देत नाहीस काय खायले?"  ती पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. पुढे कुपोषणाच्या वॉर्डात आरोही बरी झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की गोवर आणि मग कित्येक आठवड्यांची हगवण, त्यामुळे खाल्लेलं अंगात टिकतच नव्हतं. तो कागद मी वाचला, फाइलला लावला आणि शीलाला एका शब्दाने काही म्हटलं नाही. तेव्हापासून ती अंगणवाडीत यायची, पण माझ्याकडे न बघता.

तर आता माझ्याच पायाला खड्डा. मी गुपचूप इलाज सुरू केला. रोज दोन अंडी, मूठभर भिजवलेले चणे, दोन्ही वेळा वाटी भरून लाखोळीची डाळ. तीन आठवडे मी हे रेटलं आणि तीन आठवडे सुजत गेले. संडासात लघवीचा फेस जाता जायचा नाही, तर मी सासूबाईंशी भांडले की फरशीला एवढी पावडर कशाला टाकता. त्या बिचाऱ्या म्हणत होत्या की मी टाकलीच नाही.

नळीतलं अंडं

शेवटी ब्लाउजच्या बाह्या चढेनात तेव्हा मुरलीधरने मला गोंदियाला नेलं. तोवर तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी पाणी उतरवायच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. त्या घेतल्या की दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त आणि लघवी तपासायला दिली. तिथला तपासणीवाला म्हातारा होता. त्याने यंत्रावर तपासणी केलीच, पण मी अंगणवाडीत आहे कळल्यावर म्हणाला, "मॅडम, आपको दिखाता हूँ." काचेच्या नळीत माझी लघवी घेतली आणि तिचा वरचा भाग ज्योतीवर धरला. बघता बघता ती पांढरी झाली, गोठली. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग असतो ना, हुबेहूब तसा. "पूरा प्रोटीन जा रहा है," तो म्हणाला, आणि पुढची बाटली घेतली.

मी रोज दोन अंडी खात होते आणि अंडं तिकडे नळीत दिसत होतं. ती माझीच अंडी नव्हेत हे मला कळत होतं, तरी त्या क्षणी राग आला तो असा, की कुणीतरी घरातून चोरी करतंय आणि मी रोज पेटी भरून ठेवतेय. कुणावर राग काढावा हेही कळेना.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव नेफ्रोटिक सांगितलं. मूत्रपिंडाच्या चाळणीची छिद्रं मोठी झाली आहेत, रक्तातली प्रथिनं तिथून गळतात. जास्त खाल्लं म्हणून ती भरून निघत नाहीत, उलट चाळणीवर ताण येतो. नेहमीचं साधं वरण-भात खा, अंड्यांचा मारा थांबवा आणि मीठ जवळजवळ बंद करा. मी वाद घातला. म्हटलं, सूज प्रथिनं कमी झाल्यानेच येते ना? त्या म्हणाल्या, हो, रक्तात कमी झाल्याने. पोटात कमी झाल्याने असं कुणी सांगितलं? सांगणारी मीच होते.

मग त्यांनी जे समजावलं ते सतरा वर्षांत माझ्या पोस्टरने मला सांगितलं नव्हतं. प्रथिनं म्हणजे काही फक्त मांस आणि हाडं बांधणारे गवंडी नव्हेत. रक्तातलं एक प्रथिन पाण्याला धरून ठेवतं, ते गेलं की पाणी नसांबाहेर झिरपतं, पायात आणि पापण्यांत साचतं. रोगजंतूंशी लढणारीही प्रथिनंच, तीही त्याच वाटेने जातात. यकृत बिचारं घाईघाईने नवीन बनवायला बसतं आणि त्या गडबडीत चरबीही भरमसाट बनवतं, म्हणून मी तेलाचा थेंब वाढवला नव्हता तरी माझ्या रक्तात चरबी चढली होती. एक रेणू जागचा हलला तर सगळा कारभार कोसळतो. घरी येऊन हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या जन्मभर धानाची रोवणी करत आलेल्या. दोन मिनिटं विचार करून म्हणाल्या, "मंग बांधीचा धुरा फुटला मन ना. पानी आहे, पन नको तेथं." धुरा म्हणजे धानाच्या शेताचा बांध; डॉक्टरीणबाईंपेक्षा त्यांचं मला लवकर समजलं.

पण खरी गोष्ट सासूबाईंना सांगितली नाही, ती मुरलीधरलाच माहीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की नागपूरला मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासू आणि स्टेरॉइड सुरू करू. चार महिने वाट पाहू. तेवढ्यात गळती थांबली तर मूत्रपिंडं वाचली. नाही थांबली तर ती हळूहळू निकामी होऊ शकतात, मग पुढचे सगळे रस्ते अवघड आहेत. मी बेचाळीस वर्षांची होते.

कॅन आणि लिंबू

नागपूरला जायच्या आधी चोवीस तासांची लघवी गोळा करायची होती. गोंदियाला लागून फुलचूरला माझा भाऊ राहतो, त्याच्याकडे थांबले. पाच लिटरचा कॅन, त्यावर माझं नाव. संध्याकाळपर्यंत सगळं नीट चाललं आणि मग सवयीने मी एकदा संडासात जाऊन मोकळी होऊन आले. झालं, पहिल्यापासून सुरू करा. मी त्या कॅनसमोर बसून रडले. भावाने बिचाऱ्याने समजूत काढायला बाजारातून प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणला, चॉकलेटच्या चवीचा. जो येईल तो हेच, प्रोटीन जातंय तर प्रोटीन घे. मला त्या सगळ्यांवर ओरडावंसं वाटायचं आणि ओरडताही यायचं नाही, कारण तीन आठवडे मी स्वतः तेच केलं होतं.

नागपूरचे दिवस मला एका रांगेत आठवतात. केस पेपरची रांग, रक्ताची रांग, शिक्क्याची रांग. पाठीत सुई घालून तुकडा काढला आणि नंतर कितीतरी तास उताणं, न हलता पडून राहायचं. पंख्याला तीन पाती होती आणि एकाचं टोक वाकलेलं होतं. सिस्टर चांगल्या होत्या पण त्यांच्याकडे वेळ नव्हता, डॉक्टर चांगले होते पण ते माझ्या फाइलशी बोलायचे. जेवणाच्या ताटात बिनमिठाचं वरण यायचं आणि वर उकडलेलं अंडं. मी सांगायची की मला अंडं नको, ते म्हणायचे, किडनीवाल्यांना आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंडं.

तिथे वॉर्ड झाडणारी एक मावशी होती. तिने मला दोन दिवस ताट परत करताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून अर्धं लिंबू काढून माझ्या वरणावर पिळलं. "बिनमिठाच्याले लिंबू लागते बाई," म्हणाली, आणि झाडू घेऊन निघून गेली. त्या दवाखान्यात मला सांगितलेली सर्वांत उपयोगी गोष्ट ती. घरी आल्यावर पहिलं काम मी लिंबं आणायचं केलं.

तपासणीत निघालं की आजार त्यातल्या त्यात सौम्य जातीचा आहे. गोळ्यांना बहुधा दाद देतो. 'बहुधा' हा शब्द मी गाडीत गोंदियापर्यंत चावत आले.

हिरवा

गोळ्यांसोबत त्यांनी लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी दिली. रोज सकाळी पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं, रंग बघायचा, वहीत लिहायचा.

पहिल्या सकाळी मी पट्टी बुडवली आणि ती हिरवी झाली. चांगली गर्द हिरवी. मी धावत बाहेर आले, मुरलीधरला म्हटलं, हिरवी आली. सासूबाईंना सांगितलं, हिरवी आली. गोंदियाला भावाला फोन लावला. अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यात हिरवा म्हणजे पोर छान, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धोका. सतरा वर्षं मी पोरांचे ठिपके हिरव्यात यावेत म्हणून झटले. हिरवा म्हणजे बरं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मुरलीधरने दुकानावर जाऊन दोन माणसांना चहासुद्धा पाजला.

दुपारी त्याने डबीवरचा कागद वाचला. तो मोटारींचे कागद वाचतो तसा, सावकाश, बोट ठेवून. मग माझ्यापाशी येऊन बसला. या पट्टीत पिवळा म्हणजे काही नाही, साफ. जितका हिरवा तितकं प्रथिन. माझा हिरवा शेवटून दुसरा होता. मी डबी भिंतीवर फेकली. पट्ट्या अंगणभर पसरल्या आणि मुरलीधर आणि सासूबाईंनी वेचल्या, मी नाही वेचल्या.

भावाला परत फोन करायची हिंमत मला झाली नाही. तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की वनिताचं हिरवं आलं.

मीठ

गोळ्यांनी दोन गोष्टी केल्या. भूक राक्षसासारखी वाढवली आणि माझा मूळचाच नसलेला संयम संपवला. चमचा पडला तरी मी ओरडायची. घरात दोन पातेली व्हायला लागली, एक मिठाचं आणि एक माझं. झिंग्याची चटणी, लोणचं, पापड समोर यायचे आणि मी लिंबू पिळलेला भात खायची. मला त्यांचा राग यायचा, मग राग आला म्हणून स्वतःचा राग यायचा.

महिना झाला तरी पट्टी हिरवी. सूज तर मधेच वाढली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, मीठ जातंय कुठून तरी. मी शपथ घेऊन सांगितलं की नाही जात. आणि मग एका दुपारी सासूबाईंना माझ्या पातेल्यात चिमूट टाकताना पाहिलं.

त्यांनी लपवलं नाही. "मानूस मिठाबिगर कसा जगन?" म्हणाल्या. "अर्धी चिमूट टाकून राहिली होती. तुह्या तोंडाले चव नाई म्हनून." मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, तुम्ही मला मारायला बसला आहात असं बोलले, आणि पोस्टरची सगळी वाक्यं त्यांच्या अंगावर फेकली. सासूबाई पदर तोंडाला लावून न्हाणीत गेल्या. मुरलीधर जेवण टाकून उठला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "तू घरच्यांशीबी मीटिंगमंधल्यासारखी बोलून राहिली. आई का अंगणवाडीत कार्डावर सही घ्यायले आली आहे?"

तो दोन दिवस कमी बोलला. तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना डबीवरचा कागद दाखवला आणि खरी गोष्टही सांगितली, की चार महिने आहेत, त्यातला एक गेला. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीच नव्हतं सांगितलं. त्यांनी मिठाचा डबा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच ठेव." माझी चूक त्यांच्या चिमटीएवढी तरी नक्की होती.

शीला

गोळ्यांचा तिसरा परिणाम म्हणजे चेहरा चंद्रासारखा गोल झाला. गाल वर आले, मानेवर मांस चढलं. आणि गाव पुन्हा खूश. "ताई, दवाखाना लागू झाला. तब्येत भरून राहिली." मी दार लावून घ्यायला लागले.

अशाच एका सकाळी शीला आली. मी रजेवर होते, पण आरोहीच्या कार्डावर माझी सही हवी होती. सोबत दोन बायका होत्या, त्यांनी नेहमीचं कौतुक केलं आणि निघाल्या. शीला थांबली. ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघत होती. मग काही न विचारता खाली बसली, माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठा दाबला. ओठांतल्या ओठांत मोजलं. अंगठा उचलला. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत राहिलो.

"घरी देत नाहीत काय खायले?" शीलाने विचारलं.

आवाजात राग नव्हता. माझेच शब्द, माझ्याच चालीत. दोन वर्षं तिने ते जसेच्या तसे जपून ठेवले होते.

मी म्हटलं, "देतात. सगळं देतात. अंगात राहत नाही."

"माह्या पोरीचंबी तेच होतं, ताई. मी तेच सांगून राहिली होती."

मला खूप काही बोलायचं होतं. मी सही केली आणि कार्ड परत दिलं. ती गेल्यावर मला रडू आलं आणि त्याचा कॅनशी, मिठाशी, गोळ्यांशी काही संबंध नव्हता. ज्या बाईने पोरीसाठी खरं सांगितलं तिला मी खोटं ठरवलं होतं. आणि खरं कळल्यावर तो कागद मी फाइलला लावून गप्प बसले होते.

पोपटी की पिवळा

त्यानंतरची माझी वही वाचली तर कुणालाही कंटाळा येईल. हिरवा, हिरवा, हिरवा, जरा फिका हिरवा, हिरवा. दोन महिने झाले. अडीच झाले. मुरलीधर म्हणायचा की मोटारीचा वाशर नवीन टाकला तरी बसायला वेळ लागतो. त्याला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणायची. मनातल्या मनात मी चार महिन्यांतले दिवस वजा करत होते.

तिसरा महिना संपता संपता एका सकाळी पट्टी वेगळी दिसली. मी म्हटलं पोपटी, मुरलीधर म्हणाला पिवळी. आम्ही ती अंगणात उन्हात नेली, मग सावलीत, मग सासूबाईंना दाखवली. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "माह्या डोऱ्याले तं हळद दिसते." पण हिरव्याने मला एकदा फसवलं होतं. मी कुणाला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी गोंदियाला गेलो आणि त्या म्हाताऱ्या तपासणीवाल्याला मीच म्हटलं की नळी तापवून दाखवा. त्याने तापवली. पाणी उकळलं आणि पाणीच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गळती थांबली, मूत्रपिंडं शाबूत आहेत. परत येऊ शकतो हा आजार, पट्टी सोडायची नाही. पण आत्ता तरी थांबलं.

गोळ्या कमी होत गेल्या तसं अंगातलं सगळं पाणी आणि सगळा गोल चेहरा उतरला. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आणि आता, आयुष्यात पहिल्यांदा खरोखर बरी झाल्यावर, एकूण एक बाई मला अडवून विचारते, "काऊन व ताई, तब्येत किती खराब झाली तुमची?" पहिले दहा-बारा वेळा मी समजावलं. मग सोडून दिलं.

ज्यांना हे आत्ताच कळलंय त्यांना

मला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही, ते वर दिसलंच असेल. तरी सांगते. सकाळी पापण्या सुजत असतील आणि लघवीला न मोडणारा फेस येत असेल तर स्वतःचं डोकं लावू नका, लघवी तपासून घ्या. ती तपासणी सर्वांत सोपी आहे आणि मी तीन आठवडे ती सोडून बाकी सगळं केलं. कुणी पावडरचा डबा आणला तर घ्या, आभार माना आणि फळीवर ठेवा. मिठाची गोष्ट घरातल्या सगळ्यांना नीट सांगा, अर्धी लपवू नका. लिंबू ठेवा. रंगाचा कागद आधी वाचा. आणि रोजच्या गोळीने तुमचा स्वभाव बिघडला तर घरच्यांना सांगा की हा थोडा गोळीचा आहे. सगळा गोळीचा आहे असं मात्र सांगू नका, ते ओळखतात.

वजनाचा दिवस

मी कामावर परत आले तो वजनाचाच दिवस होता. काटा टांगला, कार्डं मांडली. आया भिंतीला लागून बसल्या होत्या, बऱ्याचशा त्याच, दोन वर्षांपूर्वीच्या. पोस्टर जागेवर होतं. आरोही आता पाच वर्षांची, ठणठणीत, तिचा ठिपका चांगला हिरव्यात आला. मी तिचे पाय बघायला वाकले तर शीला म्हणाली, "आधी तुमचा पाय द्या."

बायका हसल्या. मी चटईवर बसून पाय पुढे केला. शीलाने अंगठा दाबला आणि या वेळी मोठ्याने मोजलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकशे एक. एकशे दोन. एकशे तीन. अंगठा उचलला. कातडी सपाट होती.

मी सगळ्यांकडे बघून बोलले, नाहीतर पुन्हा बोलायची हिंमत झाली नसती. म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी मी याच जागी शीलाला बोलली होती का पोरीले खायले देत नाहीस. ती देत होती. ती खरं बोलून राहिली होती आणि मले नंतर माहीत झालं होतं, तरी मी सांगितलं नाही. माझं चुकलं."

 एक पोर काट्याच्या झोळीत रडत होतं.

शीलाने वर पाहिलं नाही. माझं पाऊल तिने खाली ठेवलं आणि हात पुढे केला.

"दुसरा पाय द्या, ताई," ती म्हणाली. "दोन्ही पाहा लागते."